देवाशेजारचें दार

अष्टविनायकांची यात्रा आपल्याकडील बहुतेक कुटुंबांत आयुष्यांत एकदां तरी घडतेच. कोणी नवस फेडावयास जातो, कोणी मुलीचें कार्य निर्विघ्न पार पडलें म्हणून जातो, आणि कोणी आमच्याप्रमाणें घरांतील वडील माणसांच्या आग्रहास्तव जातो. आमच्या काकूंना यंदा ब्याऐंशीवें वर्ष लागलें. माघ महिन्याच्या आरंभीं एके दुपारीं तांदूळ निवडतां निवडतां त्या आम्हांस म्हणाल्या, "अरे, आठांपैकीं सात झाले. गिरिजात्मज तेवढा राहिला आहे. गुडघे ऐकताहेत तोंवर नेऊन आण मला." एकत्र कुटुंबांत असा शब्द म्हणजे आज्ञाच. पुढच्या आठवड्यांत भाड्याची मोटार ठरली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, आणि काकूंपासून आमच्या नऊ वर्षांच्या नातीपर्यंत आम्ही आठ माणसें पहाटे निघालों.

या पानावर आम्ही सहसा घरांतल्याच गोष्टी लिहितों. प्रवासवर्णन हा कांहीं आमचा प्रांत नव्हे. परंतु त्या दिवशीं लेण्याद्रीवर आमच्या नातीनें आम्हांस दोन प्रश्न विचारले. पहिल्याचें उत्तर आम्हीं दिलें. दुसऱ्यानें आम्हांस मान खालीं घालावयास लावली. त्या दोन प्रश्नांनीं महिनाभर स्वस्थ बसूं दिलें नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्नर हें गांव पुण्याच्या उत्तरेस सुमारें साठ मैलांवर, कुकडी नदीच्या खोऱ्यांत वसलें आहे. चहूंकडे डोंगर आणि मधें सपाट, काळीभोर, पिकाऊ जमीन. गांवाला लागूनच शिवनेरीचा किल्ला. येथेंच १६३० सालीं शिवछत्रपतींचा जन्म झाला. नदी ओलांडून तीनएक मैल गेलें कीं हटकेश्वराच्या रांगेंतील एक उभा, काळा कडा दिसूं लागतो. त्याच्या कमरेला पट्टा बांधावा तशी काळ्या चौकोनी दारांची एक ओळ दिसते. तीच लेण्याद्रि. अष्टविनायकांपैकीं डोंगरावर आणि तोही लेण्यांत बसलेला गणपति हा एवढाच. गणेशभक्तांच्या परंपरेंत या डोंगराला लेखनपर्वत असेंही नांव आहे. पार्वतीनें येथें तप केलें आणि तिला गजानन पुत्ररूपानें लाभला, म्हणून तो गिरिजेचा आत्मज, अशी कथा आहे.

पायथ्यापासून वर जावयास तीनशेंच्या आसपास दगडी पायऱ्या आहेत. वृद्धांसाठीं डोली मिळते. पण काकूंनीं ती साफ नाकारली. "देवाला जायचें तें दुसऱ्याच्या खांद्यावरून कशाला?" असें म्हणून त्यांनीं पदर खोंचला आणि दर पंचवीस पायऱ्यांना बसत बसत त्या चढल्या. त्यांच्या बसण्यामुळें आम्हांलाही बसावें लागलें, आणि बसल्यामुळें मागें वळून पाहावें लागलें. चढण्याच्या घाईंत यात्रेकरूंस जें दिसत नाहीं तें आम्हांला काकूंच्या गुडघ्यांनीं दाखविलें. खालीं गव्हाचीं हिरवीं शेतें आणि द्राक्षांचे मांडव, त्यांच्यापलीकडे नदीची रुपेरी रेघ, आणि समोर सकाळच्या धुक्यांतून हळूहळू वर येणारा शिवनेरीचा कडा. कठड्यावर वानरांची टोळी आमच्या डब्यांवर नजर ठेवून बसली होती. आमच्या सूनबाईंच्या हातचीं केळीं त्यांनीं पन्नासाव्या पायरीवरच हस्तगत केलीं!

गणपतीचें देऊळ म्हणजे या ओळींतील सर्वांत मोठें लेणें, क्रमानें सातवें. आंत शिरल्यावर प्रथम मनांत भरतें तें त्याचें विस्तीर्ण मोकळेंपण. सुमारें सत्तावन्न फूट लांब, एक्कावन्न फूट रुंद आणि अकरा फूट उंच असा हा मंडप, आणि त्यांत एकही खांब नाहीं. वर सारा डोंगर, खालीं आपण, आणि मधें केवळ पोकळी. दोन्ही बाजूंस सात-सात आणि मागील भिंतींत सहा अशा वीस लहान खोल्या या मंडपाभोंवतीं कोरलेल्या आहेत. मागील भिंतीच्या मधल्या दोन खोल्या एक करून तेथें गिरिजात्मज विराजमान झाला आहे. काकूंनीं दूर्वा वाहिल्या, अथर्वशीर्षाचें एक आवर्तन केलें, आणि भिंतीशीं टेकून समाधानानें बसल्या. त्यांची यात्रा पुरी झाली होती.

तेव्हां नातीनें पहिला प्रश्न विचारला. ती खोल्यांत डोकावून आली होती. कांहीं खोल्यांत माणसाला निजतां येईल एवढा दगडी ओटा तिनें पाहिला होता. ती म्हणाली, "आजोबा, देव तर एकच आहे. मग बाकीच्या खोल्यांत कोण राहत होतें?"

आम्ही बोलण्यापूर्वींच काकू म्हणाल्या, "पांडव गो. वनवासांत असतांना त्यांनीं एका रात्रींत हीं लेणीं खोदलीं." आमच्या लहानपणीं आम्हांलाही त्यांनीं हेंच सांगितलें होतें, आणि त्यांना त्यांच्या आजीनें. त्या गोष्टींत गोडवा आहे हें खरें. पण मुलीनें बोटें मोजून पाहिलीं आणि विचारलें, "पांडव पांच आणि खोल्या वीस कशा?" आतां मात्र आम्हांला खरें सांगणें भाग पडलें.

खरें तें असें. हा बौद्ध भिक्षूंचा विहार आहे. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या काळांत या कड्यावर तीसएक लेणीं कोरलीं गेलीं. एरवीं गांवोगांव हिंडून धर्म सांगणारे भिक्षु पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणीं राहत. त्याला वर्षावास म्हणत. आपल्या घरीं चातुर्मासांत वडील मंडळी कांहीं नेमधर्म धरतात, कांहीं वस्तु वर्ज्य करतात. तशाच पावसाळी स्थिरतेचा हाही एक आचार. एकेका खोलींत एकेक भिक्षु, मधल्या मंडपांत सर्वांनीं एकत्र बसावयाचें. ज्या खोल्यांत आज गणपति आहे त्यांतही एके काळीं कोणी तरी मुंडित मस्तकाचा तरुण पावसाची झड ऐकत बसला असेल. पुढें भिक्षूंची वस्ती उठली, लेणीं ओस पडलीं, आणि नंतर केव्हां तरी भक्तांनीं येथें गणेशाची उपासना सुरू केली.

आम्ही हें सांगत असतांना काकू ऐकत होत्या. त्यांना राग येईल, असें आम्हांस वाटलें. राग आलाच, पण तो निराळ्या कारणानें. त्या म्हणाल्या, "हें जर तुम्हां शिकलेल्यांना ठाऊक होतें, तर मला ऐंशी वर्षें कोणीं सांगितलें कां नाहीं?"

वाचकहो, या वाक्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ब्राह्मी लिपीचें कोडें जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ च्या सुमारास उलगडलें. जेम्स बर्जेस आणि आपले भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह १८८१ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत जुन्नरचे लेखही आहेत. म्हणजे हीं लेणीं कोणाचीं हें दीडशें वर्षांच्या आसपास छापील पुस्तकांत आहे. तें आमच्या दिवाणखान्यांत पोहोंचलें, पण माजघरांत पोहोंचलें नाहीं. ज्या घरांत पुरुष मंडळी इतिहासावर तास-तास वाद घालतात, त्याच घरांतल्या वडील बाईला देवाच्या पाठीमागची भिंत कोणीं कोरली हें कोणीं सांगितलें नाहीं, हा दोष पांडवांच्या कथेचा नव्हे. तो आमचा आहे.

"मग शेजारीं काय आहे?" काकूंनीं विचारलें. आमचे धाकटे बंधु घड्याळाकडे पाहूं लागले, कारण त्यांना त्याच दिवशीं ओझरच्या विघ्नेश्वराचेंही दर्शन उरकावयाचें होतें. पण काकू उठल्याच होत्या.

देवाच्या शेजारचें दार म्हणजे सहावें लेणें. शेंकडों यात्रेकरू त्याच्यावरून रोज जातात आणि बहुतेक जण पुढेंच निघून जातात. हें चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचें प्रार्थनामंदिर. दारांतून आंत गेल्यावर क्षणभर कांहीं दिसत नाहीं. मग डोळे सरावतात आणि अंधारांतून दोन्ही बाजूंचे खांब एकामागून एक पुढें येऊं लागतात. अठपैलू खांब, त्यांच्या माथ्यावर उलट्या घटासारखी घडण, आणि त्यावर हत्ती, वाघ असे प्राणी बसविलेले. मागें, जेथें भिंत अर्धवर्तुळाकार वळते, तेथें एकसंध खडकांतून घडविलेला स्तूप. बुद्धाची मूर्ति कोठेंही नाहीं. हीं लेणीं मूर्तिपूजेच्या आधींच्या परंपरेचीं. तेव्हां बुद्धाची आठवण स्तूपाच्या रूपानेंच केली जाई, आणि उपासक खांबांच्या मागून स्तूपाला प्रदक्षिणा घालीत.

वर पाहिलें तर छत गाडीच्या टपासारखें वाटोळें, आणि त्याला दगडाच्याच फांसळ्या. दगडांतल्या छताला फांसळ्यांची काय गरज? कांहीं नाहीं. परंतु ज्या सुतारांनीं पूर्वीं लांकडाचीं मंदिरें बांधलीं, त्यांच्या हाताला छत म्हणजे वासे हें ठाऊक होतें. लांकूड गेलें, दगड आला, तरी वासे राहिले. आपल्या घरांत विजेचा दिवा आल्यावरही सूनबाई तिन्हीसांजेला देवापुढें निरांजन लावतेच, त्यांतला हा प्रकार. जुनी संवय ही अशी सौंदर्य होऊन राहते.

या कामाची मेहनत किती, याचा विचार मनांत आला म्हणजे थक्क व्हावें लागतें. सह्याद्रीचा हा काळा पत्थर म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमींतून वाहत येऊन थरावर थर थिजलेला रस. त्यांतला एखादा थर घट्ट आणि एकजीव, दुसरा भुसभुशीत. कारागिरांनीं घट्ट थर हेरला आणि छताकडून सुरुवात करून छिनीनें खालीं खालीं येत पोकळी कोरली. बांधलेल्या घरांत चुकलेली वीट काढून दुसरी बसवितां येते. येथें चुकीचा एक घाव पडला तर तो दोन हजार वर्षें तसाच. दिशाही त्यांनीं विचारपूर्वक निवडली. लेण्यांचीं तोंडें दक्षिणेकडे. त्यामुळें थंडीच्या दिवसांत तिरपें ऊन ओसरींत शिरतें आणि उन्हाळ्यांत सूर्य माथ्यावर आला कीं ओसरी सावलींत राहते. आमच्या काकूंनीं हें ऐकून एवढेंच म्हटलें, "घर बांधणारे शहाणे होते हो!"

या चैत्यगृहावर एक लहानसा लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें हें चैत्यगृह दान दिलें, असें त्यांत म्हटलें आहे. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणारा. कल्याण हें तेव्हां मोठें बंदर. समुद्रावरून आलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तेथून पुढें देशावर जाई. व्यापाराच्या वाटेवर पैसा आला, आणि त्या पैशाचा कांहीं भाग या डोंगरांत दान होऊन राहिला.

याच ओळींत पुढें आणखी एक चैत्यगृह आहे. लहान, सपाट छताचें. त्यावरील लेख आमच्या नातीला फार आवडला. तो दाता आपली ओळख अशी करून देतो: कपिल उपासकाचा नातू, तापस उपासकाचा पुत्र, आनंद. बस्स, राजा नाहीं, सरदार नाहीं, पराक्रमाची जंत्री नाहीं. आजोबा, वडील आणि मुलगा. नातू या अर्थीं त्या लेखांत जो शब्द आहे तो 'नतु' असा आहे. म्हणजे आमच्या घरीं दिवसांतून वीस वेळां उच्चारला जाणारा शब्द त्या भिंतीवर जवळजवळ अठराशें वर्षांपूर्वीं कोरलेला! दानाला शब्द आहे 'देयधम', म्हणजे देयधर्म. जें द्यावयाचें तोच धर्म.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हा लेख निराळ्या रीतीनें भिडतो. आनंदानें पैसा दिला, पण नांव लिहितांना आधीं आजोबा लिहिला. उपासकपण आजोबांपासून चालत आलें, हें त्याला सांगावयाचें होतें. आपण संध्येच्या वेळीं गोत्रप्रवर उच्चारतों, श्राद्धांत पिता, पितामह, प्रपितामह म्हणतों. तीच वृत्ति निराळ्या धर्माच्या भिंतीवर दिसल्यावर आपलें माणूस भेटल्यासारखें झालें.

आतां दुसरा प्रश्न सांगावयास हवा, आणि तो सांगतांना लेखणी जड होते.

ओळीच्या टोकाकडील एका रिकाम्या विहाराच्या ओसरींत आम्ही विसांव्यास बसलों. काकूंना ढास लागली होती, त्यांना पाणी दिलें. भिंतींवर कोळशानें, रंगानें, खिळ्यानें लिहिलेलीं असंख्य नांवें होतीं. मुलीला नुकताच शिलालेखांचा नाद लागलेला. ती प्रत्येक नांव मोठ्यानें वाचूं लागली. वाचतां वाचतां ती एका खोलीच्या चौकटीपाशीं थबकली आणि आनंदानें ओरडली, "आजोबा, इथें तुमचें नांव आहे! आडनांवसुद्धां! आणि १९७३!"

होतेंच तें तेथें. महाविद्यालयांत असतांना मित्रांबरोबर आम्ही येथें आलों होतों. एकाच्या खिशांत चाकू होता. कोणाचें अक्षर खोल उमटतें अशी पैज लागली होती आणि ती आम्हीं जिंकली होती. पैज आठवत होती. जागा विसरलों होतों. पन्नास वर्षांत पावसानें आणि वाऱ्यानें तें अक्षर पुसलें असेल, असें मनांत कोठें तरी धरून होतों. दगड विसरत नाहीं.

मुलीनें मागें वळून अत्यंत आदरानें विचारलें, "म्हणजे तुम्हींसुद्धां दान दिलें होतें?"

तिचा दोष नव्हता. ज्यांनीं कांहीं दिलें त्यांचीं नांवें भिंतीवर असतात, हें आम्हींच तिला अर्ध्या तासापूर्वीं शिकविलें होतें. चिरंजीव गालांतल्या गालांत हसत होते. आमच्या मनांत आलें कीं, त्याच नांवाचा दुसरा कोणी असेल असें म्हणून सुटावें. पण ती आमच्या डोळ्यांकडे पाहत होती, आणि सकाळीं आम्हीं काकूंना पांडवांची गोष्ट मोडून खरें सांगितलें होतें. सोयीचें असेल तेव्हांच खरें सांगणारा मनुष्य खरा कसा म्हणावा? आम्हीं सांगितलें, "नाहीं बाळ. आम्हीं कांहीं दिलें नाहीं. मजेखातर लिहिलें, आणि दुसऱ्याची भिंत खराब केली."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिनें विचारलें, "आतां पुसतां येईल?" येणार नाहीं. खरवडलें तर भोंक मोठें होईल, एवढेंच. तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं. पण उतरतांना नेहमीप्रमाणें आमचा हात धरला नाहीं, काकूंचा धरला.

पायथ्याशीं झाडाखालीं डबे उघडले. मन दुसरीकडे वळावें म्हणून आम्हीं जुन्नरच्या इतर दात्यांच्या गोष्टी सांगूं लागलों. या एका गांवाच्या भोंवतीं शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्रि अशा डोंगरांत मिळून दोनशेंच्या आसपास लेणीं आहेत. एका गांवाभोंवतीं इतकीं लेणीं दुसरीकडे नाहींत. त्यांतील लेख वाचले म्हणजे त्या काळचें गांवच डोळ्यांपुढें उभें राहतें. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे खडकांत खोदलेलीं टाकीं, दिलीं. चिट नांवाच्या दुसऱ्या यवनानें भिक्षूंसाठीं भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि एक पोढी दिली. बांबूचें काम करणाऱ्यांच्या आणि कांसारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या जात आणि त्यांच्या उत्पन्नांतून दानधर्म चाले. आजच्या पतपेढीचीच ती पणजी म्हणावयास हरकत नाहीं. आणि अडुथुम नांवाच्या एका शक उपासकानें वीस निवर्तनें जमीन करंजाच्या झाडांसाठीं आणि नऊ निवर्तनें वडासाठीं लावून दिली. परदेशांतून आलेला मनुष्य या मातींत झाडांचें दान देतो, आणि तें दगडावर लिहून ठेवतो!

आमच्या घरच्यांना विशेष वाटावें असाही एक लेख मानमोडीवर आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें शेहेचाळीसाव्या वर्षीं एक पोढी आणि मंडप दिला. आणि हा अयम स्वतःला वत्सगोत्री म्हणवितो. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. त्यांत अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणें यांच्या दक्षिणेची मोजदाद आहे. त्याच वंशांतल्या गौतमी बलश्रीनें नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावरील लेण्यांत आपल्या पुत्राला 'एकबम्हण' म्हटलें आहे, आणि तें लेणें मात्र बौद्ध भिक्षूंना दिलें आहे. वेदांचा अभिमान आणि भिक्षूंचा सत्कार हीं दोन्हीं एका घरांत नांदलीं. ज्यांना आज हें जमत नाहीं त्यांनीं आपण अधिक सनातनी आहों असें समजूं नये. आपण फक्त अधिक अरुंद झालों आहों.

हें लिहावयाचें कारण आहे. त्या दिवशीं स्तूपापुढें उभे असतांना आमचे बंधु काकूंना हळूच म्हणाले होते, "हा कांहीं आपला देव नव्हे." काकूंनीं त्यांच्याकडे पाहिलें आणि वांकून स्तूपाला नमस्कार केला. त्याच वेळीं तेथें पांढरीं वस्त्रें नेसलेलें एक कुटुंब आलें होतें. आजोबा, सून, दोन मुलें. त्यांनीं स्तूपापुढें हात जोडले, मंद स्वरांत त्रिशरण म्हटलें, आणि मुलांना खांबांवरील हत्ती दाखविले. १९५६ सालीं नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला, तेव्हांपासून या लेण्यांकडे आपल्या पूर्वजांच्या घराकडे यावें तसे येणारे लोक महाराष्ट्रांत घरोघर आहेत. आम्हांला जें 'शेजारचें दार' वाटतें तें त्यांचें मुख्य दार आहे. त्यांच्या आजोबांच्या आणि आमच्या मधें ओसरीचें अंतर होतें, पण एकमेकांकडे पाहून हंसण्यापुरतें तें फार नव्हतें. काकूंनीं आपल्या पिशवींतले दोन लाडू त्या मुलांच्या हातावर ठेवले. आम्ही पुस्तकें वाचणारे मागें उभे राहून पाहत होतों.

आमच्या वाचकांपैकीं अनेक जण या वर्षीं अष्टविनायकास जातील. त्यांना एवढेंच सुचवावेसें वाटतें कीं, दोन दिवसांत आठ देव उरकण्याची घाई लेण्याद्रीपुरती तरी बाजूस ठेवावी. सकाळीं लवकर चढावें. ऊन लागत नाहीं आणि चैत्यगृहांत शांतता असते. लहानशी विजेरी बरोबर असावी. वृद्धांना बसत बसत नेलें तर त्यांनाही सुख आणि आपल्यालाही. देवाचें दर्शन झाल्यावर शेजारच्या दारांत शिरावें, डोळे सरावेपर्यंत थांबावें, आणि मुलांना लेख दाखवून कपिल, तापस आणि आनंद यांचीं नांवें सांगावीं. लेखांवर हात फिरवूं नये, त्यांना तेलशेंदूर लावूं नये. आणि कोणाच्या खिशांत चाकू असेल तर तो फळें कापण्यापुरताच बाहेर काढावा. हें आम्ही उपदेश म्हणून सांगत नाहीं. उपदेश करण्याचा अधिकार आम्हीं १९७३ सालींच त्या चौकटीवर घालवून ठेवला आहे.

परत येतांना मोटारींत सारीं पेंगत होतीं. ओझर राहून गेलें होतें, आणि त्याबद्दल बंधु थोडे नाराज होते. एकाएकीं काकू म्हणाल्या, "त्या शकानें कसलीं झाडें दिलीं म्हणालास?" "करंजाचीं," आम्हीं सांगितलें. "मग तूंही तींच दे. नांव तर आधींच लिहून बसला आहेस. दान तेवढें राहिलें आहे."

पायथ्याच्या गांवांतील मंडळींना विचारून त्यांच्या परवानगीनें येत्या मृगांत तेथें करंजाचीं पांच रोपें लावण्याचें ठरलें आहे. पहिलीं दोन वर्षें पाणी घालण्याची व्यवस्थाही झाली आहे. नांवाची पाटी लावावयाची नाहीं, असा नातीचा हुकूम आहे. "भिंतीवर आहे तेवढें पुरे," असें ती म्हणाली, आणि तें म्हणतांना थोडी हंसली. त्या हंसण्यावर आम्ही सध्यां समाधान मानून आहों.